फिरती घोडी

दारूखान्यातून पाइप आणला, साडेतीन इंची,
कुठल्यातरी जहाजाच्या पोटातला.
आत अजून खारट वास.
दिगूने कापला, मी गुण्यात धरला,
दोन दिवसांत घोडी उभी राहिली:
दोन पाय पुढे, दोन मागे, मध्ये फिरणारी मान.
जत्रेतल्या पाळण्यासारखी, दिगू म्हणाला.
मी म्हटलं, पाळण्यात बसणारा ओरडतो,
ही कण्हेल.

इंजिन काढलं, काचा काढल्या, सीटमधला काथ्या उपसला,
दरवाजांच्या भोकांत आडवे अँगल मारले,
कमरेत वाकू नये म्हणून.
डुक्कर फियाट म्हणतात तिला.
त्रिलोकेकरबाईंना ते खपत नाही.
"बाबा 'आमची' म्हणायचे. आमची काढतो, चला."
चोपन्न सालची बॉडी.
आता नुसतं टरफल.

पहिल्यांदा फिरवली तर धाडकन उलटली.
तोल वर राहिला होता.
दिगूचा अंगठा थोडक्यात वाचला.
बोल्ट ढिले केले, बॉडी दोन बोटं खाली घेतली,
मग बोटभर आणखी.
तोल सापडतो तेव्हा आवाज होत नाही.
पाच माणसांना न उचललेली
एका तळव्यावर फिरली

आणि पोट वर आलं.

सत्तर वर्षं फक्त रस्त्याने पाहिलेलं पोट.
डांबर, खडी, कुठल्यातरी घाटाची लाल माती.
दिगू रॉकेल लावून पत्रीने खरवडत होता
ड्रायव्हरच्या पायाखालची जागा.
"मिस्त्री, इथे झाड आहे."

होतं.
पिवळ्यावर हिरवं, माडासारखं,
तुपाच्या डब्यावर असायचं तसलं.
चारी बाजूंनी रिबिटं.
एक तिरकं.

ते तिरकं मी ओळखलं.

सन चौऱ्याऐंशी. मी बावीस वर्षांचा,
लग्नाला तीन आठवडे.
त्रिलोकेकरसाहेबांनी अठरा गेजच्या पत्र्याचे पैसे दिले,
मोजून, वर चहाला पाच.
मी पत्रा आणलाच नाही.
गाडीखाली पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज घेत
डबा ठोकला, डांबर फासलं.
वरून त्यांनीच रबराची चटई अंथरली.
बायकोच्या पायात जोडवी आली,
साहेबांच्या पायाखाली तूप.

त्या डब्यावर टाच टेकून ते किती वेळा
बोरघाट चढले असतील, क्लच दाबत,
मागे मुलं, डब्यात मुरांब्याची बरणी.
काही झालं नाही.
हेच अवघड जातं.
फाटला असता तर शिव्या खाऊन मोकळा झालो असतो.
जोडवी कधीच झिजून मोडीत गेली,
डबा आहे.

बाई संध्याकाळी आल्या. चष्मा पुसला.
"हे काय?"
दिगू माझ्याकडे बघायला लागला.
भाऊच्या धक्क्याकडून भोंगा झाला,
तेवढीच उसंत.
"माझं काम," मी म्हटलं. "पैसे पत्र्याचे घेतले होते."

बाई बोलल्या नाहीत.
घोडीची मूठ धरली, फियाट हळूच कुशीवर वळवली
आणि थांबवली.
माड सरळ उभा राहिला.
बराच वेळ बघत होत्या,
जणू त्याला नारळ लागलेत का ते मोजत.

"बाबांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.
की, "माहीत असेल" म्हणाल्या?
ग्राइंडर चालू होता शेजारच्या गाळ्यात,
मला नीट ऐकू आलं नाही
आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.
जाताना म्हणाल्या, "पावती द्याल ना यावेळी?"

सकाळी अठरा गेजचा पत्रा आणला.
पावती आरशाला अडकवून ठेवली.
डबा कापून काढला, दिगूने विचारलं, फेकू?
मी उत्तर दिलं नाही, तो अजून फळीवर आहे.

मग फियाट पुन्हा कुशीवर घेतली,
खिट्टी घातली, काच डोळ्यांवर ओढली.
आता पाठीवर झोपायला लागत नाही.
वेल्ड करायचा तो उभ्याने,
समोरासमोर.